विझवली त्यानेच लावावी

दसऱ्याच्या सकाळी, सदर भागातल्या बंगल्याच्या अंगणात चिन्मयीने मोटारीपुढे निरांजन धरले मात्र, एक अनोळखी हात पुढे आला आणि त्याने चिमटीतच ज्योत विझवली.

“हे काय केलंत?” ती कडाडली.

“पेट्रोलचा वास येऊन राहिला, जी! दसऱ्यालाच होळी करता का?”

तो अनुपम, शेजारच्या बेबीताईंचा भाचा, पूजेचा हार द्यायला आलेला. वडिलांच्या जुन्या मोटारीचे इंजिन चिन्मयीने वर्षभर खपून स्वतः नव्याने बांधले होते. बॉनेट उघडले, तर तांब्याच्या नळीच्या सांध्यावर पेट्रोलचा थेंब मोत्यासारखा लुकलुकत होता.

“पूजा अपुरी राहिली,” तिचे वडील भय्यासाहेब गरजले. “गळती थांबल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही!”

मग दर रविवारी अनुपम मदतीला येऊ लागला. एक सांधा कोरडा झाला की दुसरा पाझरे. ती पाना फिरवी, तो बॅटरी धरी — आणि उजेड नळीऐवजी तिच्या गालावरच्या ग्रीसच्या डागावर रेंगाळे.

“बॅटरी इकडे!”

“मला गळती तिकडेच दिसून राहिली...”

“डोळे तपासून घ्या मग.”

“तेच तर बिघडले.”

ती ओठ दाबून हसे, आणि त्या हसण्याच्या भरात पाना एक वेढा जास्तच फिरे. नळीचे तोंड चिरे. नवे तोंड करणे आले... म्हणजे आणखी एक रविवार आला.

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात एकदा सगळ्या सांध्यांवरून फिरवलेले फडके कोरडेच परत आले. चिन्मयीला आनंद व्हायचा, तर उरात उगीच हुरहुर दाटली — आता हा कशाला येईल?

पुढल्या रविवारी पुन्हा थेंब! अनुपमने वाकून नटावरून बोट फिरवले.

“हा सैल झाला नाही, चिन्मयीजी. कोणीतरी केलाय.”

“मग आवळा की!” ती पदराशी — नव्हे, हातातल्या फडक्याशी चाळा करीत म्हणाली.

“आवळला, तर पुढल्या रविवारपासून काहून येऊ?”

तिने पाना पुढे केला. त्याने नट आवळला, सांडलेले टिपले, वास पुरता विरेपर्यंत दोघे पायरीवर बसले. मग तिने तेच निरांजन आणले आणि काडेपेटी त्याच्या तळहातावर ठेवली.

“विझवली तुम्ही. लावायचीही तुम्हीच.”

“अच्छा! आणि उद्यापासून?”

“आमच्या घरी दिवा रोज लागतो...”

ज्योत उजळली. व्हरांड्यातून बघणारे भय्यासाहेब मोठ्याने खाकरले, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले.