बूट काढून बसायची जागा

आर्किटेक्ट तक युनसुलने आखलेल्या चौकाच्या चित्रात भरपूर माणसं होती, दोन कुत्री होती, एक फुगाही होता. प्रत्यक्षात मात्र ग्रॅनाइटचे बाक तेवढे होते आणि माणसं चौकाला वळसा घालून जात. तरी या चौकाला बक्षीस मिळायची चिन्हं होती. परीक्षकांना रिकाम्या जागा आवडतात. बक्षीस मिळालं की ऑफिसच्या दारावर युनसुलचं नाव लागणार होतं.

त्या दिवशी बाकावर चक्क एक पुरुष दिसला. गिंकोच्या झाडाची पिवळी पानं, खाली फुटलेल्या फळांची दुर्गंधी आणि मधोमध हा — उशी घेऊन बसलेला.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"थंड. मी बान. समोरच्या दवाखान्यात ॲक्युपंक्चरच्या सुया टोचतो. हे बाक कुणाचे, माहितीये?"

"माझे."

"अरे वा. आभार मानायचे होते. कंबरेचे पेशंट दुप्पट झालेत."

युनसुलला राग आला. तो नीट व्यक्त करायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याने उशी तिच्याकडे सरकवली. तिसऱ्या दिवशी ती आल्याचा चहा घेऊन आली. राग बराच शिल्लक होता.

"इथे लाकडी ओटा होता," एकदा तो म्हणाला. "आज्या बूट काढून, मांडी घालून बसायच्या. तुम्ही तो काढून टाकलात."

"फोटोत वाईट दिसला असता."

"फोटोत मीही वाईट दिसतो."

"तुम्ही... तेवढे नाही."

परीक्षक यायच्या आठवड्यात युनसुलने चौकाच्या मधोमध लाकडी ओटा करून घेतला. बक्षीस सोल शहरातल्या एका पुलाला गेलं. दारावर दुसऱ्याचं नाव लागलं. ओट्यावर मात्र निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत चार आज्या आणि लसणाचं पोतं आलं होतं. कडेला डॉक्टर बान, तिरका बसलेला.

"आता तरी आराम वाटतोय?" तिने विचारलं.

"नाही. महिनाभर उशी तुमच्याकडे होती. माझ्या कंबरेत आता मीच सुया टोचतो."

"मग दुसऱ्या दिवशीच यायचं बंद करायचं ना."

"तेच... जमलं नाही."

युनसुलने बूट काढले आणि त्याच्या बुटांशेजारी ठेवले.

"आर्किटेक्टबाई, चिकटून बसा, म्हणजे मावाल," एक आजी मान वर न करता म्हणाली. "आणि हात मोकळे असतील तर लसूण सोला."

"मोकळे नाहीत, आजी," युनसुल बानचा हात धरत म्हणाली.