विकत न मिळणारा मासा

आम्ही चौघं ओरेवाई नदीवर गेलो ते एका हट्टी म्हाताऱ्याच्या पोटात चार घास जावेत म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पन्नाशी उलटलेली, पोहता न येणारी, शाळेची बस चालवणारी ही उना प्रिंगल कमरेइतक्या गार पाण्यात काय करत होती, असं कुणी विचारायला नको.

म्हातारा म्हणजे डंकन गिलख्रिस्ट, माझ्या शेजारच्या शोनाचा सासरा. आमच्या अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखा नदीतला ट्राउट मासा पकडणारा कुणी नव्हता, आणि त्याच्याइतका खडूसही कुणी नव्हता. हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. इस्पितळातून घरी आला तो निम्मा होऊनच, आणि आल्यापासून त्यानं जेवण टाकलं. शोनाचा नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात, त्यामुळे सगळं हिच्याच गळ्यात. तिनं मटणाचं सूप केलं, भोपळ्याचं केलं, कस्टर्ड केलं. म्हातारा दोन चमचे खायचा आणि ताट बाजूला सारायचा. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की, असंच चाललं तर हा माणूस उन्हाळा काही काढत नाही.

मग एक दिवस म्हातारा आपणहून बोलला. ट्राउट असता तर खाल्ला असता, म्हणाला.

आता आमच्याकडे ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे. दुकानात नाही, हॉटेलात नाही. स्वतः पकडायचा, नाहीतर कुणी दिला तर घ्यायचा, तिसरा मार्ग नाही. शोना म्हणाली, मी कुणाकडून तरी मागून आणते. त्यावर म्हाताऱ्यानं काय म्हणावं?

"मागून आणलेला मासा मी तोंडात घालणार नाही. आणि पकडणं तुझ्यानं व्हायचं नाही."

दहा वर्षं त्या घरात राबूनही या माणसानं तिला आपल्या गळाच्या काठ्यांना बोट लावू दिलं नव्हतं. शोनाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच दुपारी तिनं गावच्या मासे पकडणाऱ्यांच्या क्लबाच्या नवशिक्यांच्या सहलीत नाव घातलं आणि वर माझंही घातलं, कारण व्हॅन माझी.

शिकवायला नेट्टा केर्न्स. साठी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, बारीक चणीची बाई. ती नदीकडे बघते तेव्हा आपण तिच्याकडे बघत राहावं. जिथं मला नुसते धोंडे आणि पाणी दिसतं तिथं तिला मासा दिसतो, त्याची शेपटी कुठं आहे आणि तो आता काय खातोय, तेही दिसतं. शिकवताना ती स्वतःची काठी बरोबर घेत नाही. म्हणते, काठी हातात असली की माझं लक्ष तुमच्यावर राहायचं नाही.

चौथा सेमिसी फोनुआ. मूळचा टोंगा बेटांवरचा, आमच्या गावच्या कत्तलखान्यात कामाला, दारातून आत यायचं तर खांदे तिरके करावे लागतात असा गडी. त्याची पोरं माझ्या बसनं जातात, म्हणून मी त्याची मावशी. समुद्रावर मासे त्यानं ढिगानं मारलेले, पण पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवायची ही कला त्याला नवीन होती. शाळेच्या मैदानावर सराव करताना नेट्टानं गळाऐवजी दोरीला लोकरीचे पुंजके बांधले होते, ते बरंच झालं. सेमिसीनं पहिलाच फटकारा असा मारला की पुंजका माझ्या केसांत अडकला आणि काढायला कात्री लागली.

शनिवारी सकाळी रस्ता संपतो तिथं व्हॅन लावली, बूट घासून धुतले, कारण एका नदीचं शेवाळ दुसरीत न्यायचं नसतं, आणि पाठीवर बोजे घेऊन रानात शिरलो. यंदा उंदरांचं वर्ष होतं. झाडांना बी अमाप आलं की उंदीर अमाप होतात, ते पोहत नदी ओलांडायला निघतात आणि ट्राउट त्यांच्यावर ताव मारून फुगतात. दुपारनंतर रानातल्या खोपटावर पोचलो तर उंबऱ्यावरून दोन उंदीर माझ्या बुटांवर चढून पुढे गेले. मी किंचाळले. नेट्टा मात्र खुशीत हसली आणि म्हणाली की, या वर्षी पकडलेला मासा माणूस जन्मभर विसरत नाही.

रविवारी बोजे पाठीवर घेऊन उन्हाचं नदीवर उतरलो. काय नदी होती! बाटलीच्या काचेसारखं हिरवं पाणी, तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा असं स्वच्छ, आणि दोन्ही बाजूंना शेवाळानं मढलेली काळी झाडं. पलीकडचा काठ म्हणजे सरळसोट कडा, आणि मधोमध गोट्यांचं लांबुळकं बेट. अलीकडचा फाटा गुडघाभर होता, तो ओलांडून आम्ही त्या बेटावर गेलो.

तिथं नेट्टानं नियम पक्के केले. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून मागून, वाकून, चोरपावलांनी जायचं. आवाज बिलकुल काढायचा नाही. मासा दिसला तर हात वर करायचा, आणि कुणाचाही हात वर गेला की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. मग तिनं बेटाच्या खालच्या टोकाला, पाण्याच्या अगदी कडेला, एक पांढरा धोंडा ठेवला. सेमिसीला म्हणाली, तू इथंच मासे धर आणि या धोंड्यावर नजर ठेव, पाणी याच्यावर आलं तर मला कळव. मला मध्ये उभं केलं आणि शोनाला घेऊन ती वरच्या टोकाकडे गेली.

दुपारपर्यंत शोनाची माशी झुडपात अडकली, तिच्याच टोपीत अडकली, एकदा पाण्यावर अशी आदळली की असतील नसतील ते मासे पळाले. नेट्टा रागावली नाही की थकली नाही. प्रत्येक वेळी गाठ सोडवून द्यायची आणि पुन्हा सुरू करायला लावायची. शोनाचे ओठ घट्ट मिटलेले. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, आणि घरी तो म्हातारा रिकाम्या पोटानं 'मी म्हटलं नव्हतं' म्हणायला टपून बसला होता.

आणि मग नेट्टा एकदम खाली बसली. तिनं शोनाला बोट दाखवलं. मलाही दिसला! एका चपट्या खडकामागे, पाण्यात लांब काळी सावली हलत होती. अख्ख्या हाताएवढा मासा! शोनानं दोरी फिरवली, एकदा मागे, एकदा पुढे, आणि या खेपेला माशी पिसासारखी उतरली.

त्याच वेळी माझी नजर मागे गेली. सेमिसी एक हात वर करून उभा होता. मी थिजले. मनात म्हटलं, यालाही आत्ताच दिसायचा होता! त्यानं दुसराही हात वर केला. मी आणखीच थिजले. दोन्ही हात वर करून तो उंटासारख्या उड्या मारायला लागला, तरी तोंडातून अवाक्षर नाही, आणि मी शहाणी बाई श्वास रोखून उभी! पायाशी काहीतरी गार लागलं म्हणून खाली बघितलं, तर पाणी माझ्या बुटांवरून वाहत होतं. चहासारखं तांबूस पाणी, आणि त्यात काटक्या आणि पानं.

"नेट्टा! पाणी!" मी ओरडले. नियम गेला चुलीत.

त्याच क्षणाला शोनाच्या गळाला मासा लागला.

काठीची चक्री किंचाळली. काठी कमानीसारखी वाकली. मासा पाण्याबाहेर उसळला, सोनेरी, काळ्या ठिपक्यांचा, आणि धाडकन परत पडला. नेट्टानं मात्र माशाकडे बघितलं नाही. तिनं खोऱ्याच्या वरच्या अंगाला बघितलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण तिकडं डोंगर दिसतच नव्हते, नुसता काळा पडदा. कधीचा कोसळत असेल तिथं! पाणी बेट दोन्ही बाजूंनी खायला लागलं होतं. सेमिसी पाण्यातून पळत आमच्याकडे आला.

नेट्टाचा आवाज अजिबात चढला नाही. "आत्ताच्या आत्ता ओलांडायचं. चौघांनी एका ओळीत, हात एकमेकांच्या पाठीमागून, बोज्याचे पट्टे घट्ट धरून. कुणाच्याही हातात काही नको. शोना, दोरी तोड."

"दमलाय तो," शोना म्हणाली. "दोन मिनिटं दे."

"दोन मिनिटं आपल्याकडे नाहीत."

मासा खरंच दमला होता. आडवा होऊन हळूहळू काठाकडे येत होता, पाचसहा हातांवर. शोनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मागे राहून आम्ही तिघांनीच ओलांडलं असतं तर नेट्टा आणि सेमिसीमध्ये एकटी मी, आणि मला तर पोहताही येत नाही. मी काही बोलले नाही, देवाशपथ, पण माझं तोंड शोनानं बघितलं. तिनं मान वळवून एकदा त्या माशाकडे पाहिलं. मग दोरी दातांत धरली आणि तोडली. काठी गोट्यांवर टाकली. अशी बाई आहे ती. मी तिला दहा वर्षं ओळखते आणि त्या दिवशी नव्यानं ओळखलं.

सेमिसी प्रवाहाच्या वरच्या बाजूला, मग मी, मग शोना, खाली नेट्टा. बोज्याचे कमरेचे पट्टे सोडलेले, म्हणजे कुणी वाहून गेलंच तर बोजा टाकून देता यावा. नेट्टानं 'पाऊल' म्हणायचं आणि सगळ्यांनी एकच पाऊल टाकायचं. पाऊल. गुडघा. पाऊल. मांडी. पाणी नुसतं ढकलत होतं. तळाचे धोंडे पायाखालून गडगडत जात होते, त्यांचा आवाज पाण्यातून हाडांत शिरत होता. पाऊल. कंबर! एक ओंडका फिरत आला, सेमिसीनं छातीवर घेतला आणि बाजूला लोटला. पाऊल. माझा पाय सुटला! दोन्ही पाय सुटले! मी पाण्यावर आडवी झाले, नाकातोंडात पाणी गेलं. एका बाजूनं सेमिसीनं आणि दुसऱ्या बाजूनं शोनानं पट्टे असे आवळले की खांदे निखळतील असं वाटलं. "थांबा," नेट्टा म्हणाली. सगळे थांबले. मी पाय टेकवले. "पाऊल." आणि पुन्हा पाऊल. मग मांडी, गुडघा, मग गवत.

आम्ही गवतात पडलो. मागे बघितलं तर बेट नव्हतं. काठी नव्हती. तो चपटा खडकही नव्हता.

 मग नेट्टा सेमिसीसमोर जाऊन उभी राहिली. "चूक माझी. कळव म्हणाले, पण कसं कळवायचं ते सांगितलं नाही. बाबा रे, पण ओरडायचंस तरी."

सेमिसी खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही म्हणालात, आवाज बिलकुल नको. आणि ताई तेव्हा माशी टाकत होत्या. म्हटलं, त्यांचा मासा पळेल."

मला हसावं की त्याला दोन ठेवून द्याव्यात ते कळेना. शोना मात्र गुडघ्यांत डोकं खुपसून हुंदके देत होती. म्हातारा उपाशी मरेल आणि मरताना मला हसेल, असं काहीबाही बोलत होती. सेमिसीनं रेनकोटाची चेन खाली ओढली आणि आत हात घालून काढला एक ट्राउट! बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा, नेच्याच्या पानांत गुंडाळलेला. सकाळीच धरला होता. आवाज करायचा नाही म्हणून पठ्ठ्या तेही बोलला नव्हता, आणि त्याला छातीशी बाळगून त्यानं ती नदी ओलांडली होती.

मासा शोनापुढे धरून तो म्हणाला की, आमच्या घरात पहिला मासा आपण खायचा नसतो, घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला द्यायचा असतो. "माझं म्हातारं माणूस टोंगात आहे. तुमचं इथं आहे."

सोमवारी संध्याकाळी शोनानं तो लोण्यात परतला आणि म्हाताऱ्यासमोर ठेवला. मी टेबलाशीच बसले होते. म्हातारा ताटाकडे बघतच राहिला, मग त्यानं विचारलं, तू पकडलास? हो म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? मीही जीभ चावून गप्प बसले असते. पण तिनं खरं तेच सांगितलं. मागितला नाही, दिलेला आहे, पण माझा नाही. माझा सोडला.  म्हाताऱ्यानं काटा उचललाच नाही.

"सोडलास म्हणजे?"

तिनं हात पसरून लांबी दाखवली. पूर, बेट, दातांनी तोडलेली दोरी, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, कुठल्या खडकामागे होता? चपट्या, ती म्हणाली, कड्याच्या बाजूचा, पाणी दुभंगतं तिथला. तो विचारत गेला, ती सांगत गेली. कुठली माशी, पहिल्यांदा कुठल्या अंगाला पळाला, किती वेळा उसळला. मध्येच कधीतरी त्यानं काटा उचलला होता. दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं, माझं होतं.

"मी असतो तर सोडला नसता," म्हातारा शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे," शोना म्हणाली.

"बुडालो असतो. ही उनाही बुडाली असती." त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "पूर ओसरला की तो त्याच खडकामागे परत येतो. मोठा मासा जागा सोडत नाही. तुला एकटीला जमायचं नाही, माशी कुठं टाकायची ते सांगायला मी काठावर पाहिजे. महिनाभरात तिथवर चालायची ताकद यायला हवी."

त्यानं ताट पुढे सरकवलं. मला वाटलं, झालं, सारलं यानं. पण ताट रिकामं होतं.

"अजून वाढ," म्हातारा म्हणाला. "आणि बटाटे का नाही केलेस?"