उंबऱ्यावरचं मीठ

प्रार्थनागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दाराशी उभी असलेली बाई एकेक पुडी ठेवत होती. पांढरा कागद, आत चिमूटभर मीठ. मयताहून घरी गेल्यावर आत पाऊल टाकण्याआधी ते अंगावर टाकायचं, म्हणजे मेलेल्या माणसाची सोबत दाराबाहेरच सुटते, अशी त्या बर्फाळ जपानी गावची रीत होती.

"घे, भुतांचा जकातकर," रोडेल जोवेलिनच्या कानाशी पुटपुटला.

तिने त्याला कोपराने ढोसलं. हसू मात्र आलंच. हसू आवरणं हे लग्नानंतरचं तिचं मुख्य काम होऊन बसलं होतं.

समुद्रापलीकडच्या इलोइलो या आपल्या गावच्या उन्हातून ती रोडेलच्या मागोमाग इथे आली, तेव्हा पहिला बर्फ नुकताच पडायला लागला होता. रोडेल पंपांच्या कारखान्यात नोकरीला. इवाबुची म्हाताऱ्याच्या अंगणातलं मागचं छोटं घर त्यांनी भाड्याने घेतलं होतं. म्हातारा तुसडा. कधी हसला नाही, पण रोज पहाटे त्यांच्या दारापर्यंतची वाट फावड्याने साफ करून ठेवायचा. तो गेला, तेव्हा शवपेटी उचलायला पुरुष कमी पडले. रोडेल आपणहून पुढे झाला आणि डोक्याकडची बाजू त्याने धरली.

"मिठाची आपल्याला गरज नाही," अंगणात पाद्री हासुनुमा हळूच म्हणाले. गावातल्या मूठभर ख्रिस्ती माणसांचे ते मेंढपाळ. "आपला राखणदार वेगळा आहे."

"ऐकलंस?" रोडेलने आपली पुडी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. जोवेलिनने आपली कोटाच्या खिशात टाकली. टाकली म्हणजे, राहिली खिशात.

परतीच्या वाटेवर बर्फ भुरभुरायला लागला होता. दुपार सरली नव्हती, तरी उजेड राखेसारखा झाला होता. तिला आई आठवली. गावी मयताहून कुणी सरळ घरी येत नाही. वाटेत कुठेतरी बसायचं, पाव खायचा, चार गप्पा मारायच्या, म्हणजे मागे लागलेलं कुणी असेल तर ते तिथेच चुकतं.

"कुठेतरी थांबू या का?" तिने विचारलं.

"कुठे? सगळं बंद आहे. आणि इथल्या भुताला तिकडचे नियम कसे ठाऊक असणार, लँगा?" हे लाडाचं नाव त्याने गावच्या बोलीतून तिच्यासाठी आणलं होतं. तो वाकला. "बुटाची नाडी गोठलीय. तू हो पुढे, नाहीतर तुझं नाक गळून पडेल. मग तुझ्या आईला मी काय सांगू?"

हा तिने ऐकलेला त्याचा शेवटचा विनोद.

ती पुढे झाली. कोटाची टोपी कपाळावर ओढलेली, कानांत वारा. थोड्या वेळाने मागून पावलं आली. तिने कुलूप काढलं तसा तो तिच्या बाजूने आत शिरला. बूट आपटून बर्फ झटकला, घसा खाकरला आणि एक शब्द न बोलता खोलीत गेला.

जोवेलिन बाहेरच उभी राहिली. खिशातली पुडी बोटांना लागत होती. एवढंसं तर मीठ, कुणाला कळणार? तिने ते खांद्यांवर टाकलं, पायांवर टाकलं आणि उरलेलं उंबऱ्यावर सांडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आत जाऊन दार लावून घेतलं. आपण चोरी केली आणि ती पचली, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी रोडेलने प्रार्थना म्हटली नाही. दमला असेल, असं म्हणून तिने ती एकटीने म्हटली.

दुसऱ्या दिवशीही त्याने म्हटली नाही.

तो कारखान्यात जायचा, घरी यायचा, जेवायचा. तिच्याकडे बघायचा तो खिडकीबाहेर बघावं तसा. एरवी आंबटसर माशाच्या सारावर तुटून पडणारा रोडेल आता वाटी पुढ्यात ओढून चमच्याने ढवळत बसायचा. 'लँगा' म्हणेना. म्हणजे काहीच म्हणेना. आणि अंथरुणात त्याच्या अंगाला जुन्या लाकडाचा आणि रॉकेलचा वास यायचा.

पहाटे तिला फावड्याचा आवाज यायचा. खर्र... थांबणं... खर्र. रोडेल वाट साफ करत असायचा.

"कुणी शिकवलं तुला?" तिने एकदा विचारलं.

"शिकवायला काय लागतं," तो म्हणाला. जपानीतून. आणि इतकी सफाईदार, आडगावच्या हेलाची जपानी त्याला येत नव्हती.

ती रोज दुपारी चालत चर्चला जायची, शेगडीत रॉकेल भरायला. संध्याकाळच्या प्रार्थनेला दोन म्हाताऱ्या यायच्या. त्यांची बोटं तरी गारठू नयेत म्हणून. रिकाम्या बाकांसमोर ती गुडघे टेकायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. ज्याच्यावर भरवसा पुरला नाही म्हणून मीठ टाकलं, त्याच्याकडेच आता कुठल्या तोंडाने मागायचं?

"सगळं ठीक आहे ना?" हासुनुमांनी विचारलं.

"थंडी सोसत नाही," ती म्हणाली.

शेवटी ती इवाबुची आजींकडे गेली. म्हातारी खिडकीशी मुळ्याच्या चकत्या करत बसली होती. नवरा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जरा तुकतुकी आली होती.

"ये. तुझीच वाट बघत होते."

"आजी, माझा नवरा..."

"फावडं उलट्या हाताने धरतो. बघते मी रोज." सुरी थांबली नाही. "आमचे हे तसंच धरायचे. किती सांगितलं, कंबर धरेल. ऐकतील तर शपथ."

जोवेलिन तिच्यासमोर खाली बसली.

"त्याने मीठ टाकलं नव्हतं ना अंगावर?" आजींनी विचारलं.

"नाही... मी टाकलं. माझ्या अंगावर. आणि उंबऱ्यावर."

सुरी थांबली.

"उंबऱ्यावर? तो आत गेल्यावर?"

"हो."

"अगं पोरी..." म्हातारीने ओले हात मांडीवर पुसले. "आमचे हे चिकट माणूस. वाटेत कुणाचा जीव मागे रेंगाळला, अंग रिकामं दिसलं, की आत बसतील. पण घरचा माणूस कुठे लांब जातो? उशिरा का होईना, स्वतःच्या दाराशी येतोच. आला की यांना उठावं लागलं असतं. मीठ मात्र आपला कोण आणि परका कोण ते बघत नाही. ज्याला देह आहे, तो त्यावरून ये-जा करतो. ज्याला नाही, तो बाहेर राहिला की राहिला."

"मग मी झाडून टाकते."

"लाकडात मुरलं असेल आता." तिने मुळ्याच्या लोणच्याची बरणी पुढे सरकवली. "हे घेऊन जा. जेवताना दे त्यांना, म्हणजे रागावणार नाहीत." आणि जरा थांबून, जवळजवळ मायेने, "मी चाळीस वर्षं केलं. सवय होते."

जोवेलिनने बरणी तिथेच ठेवली आणि धावत घर गाठलं. किटलीभर उकळतं पाणी उंबऱ्यावर ओतलं, काथ्याने घासलं, पुन्हा ओतलं. लाकूड काळं पडायचं. वाळलं की भेगांतून पांढरी रेघ पुन्हा वर यायची. नखं सोलवटली तरी ती घासत राहिली. रोडेल कारखान्यातून आला, तिला ओलांडून आत गेला, बसला.

"जेवायला," तो म्हणाला.

तिने वाढलं. दुसरं काय करणार? बाहेर अंधारलं होतं. बर्फ आवाज न करता पडत होता. तो खाली मान घालून जेवू लागला.

दारावर नख ओढल्यासारखं काहीतरी झालं.

"लँगा..."

तिच्या हातातला डाव खाली पडला. समोरच्याने मान वर केली नाही.

"उघड ना... किती हाका मारतोय... पाय राहिले नाहीत बघ माझे..."

तिच्या गावची बोली. त्याच्याच हसऱ्या आवाजाची, पण थकून बारीक झालेली चिंधी.

तिने दार उघडलं. कुणी नव्हतं. रस्त्यापर्यंत बर्फ सपाट, कोरा, पाऊलही न उमटलेला. फक्त उंबऱ्याला लागून, बाहेरच्या बाजूला, दोन पावलांएवढी जागा दबून दबून काचेसारखी झाली होती. कितीतरी दिवस कुणी तिथून हललंच नव्हतं जणू.

"ये ना," ती रडत म्हणाली. तिने दोन्ही हात उंबऱ्यापलीकडे पसरले. "रोडेल, माझा हात धर... ये आत..."

तिच्या बोटांना कसला तरी गारठा चिकटला, ओढ देऊन सुटला. पुन्हा चिकटला, पुन्हा सुटला. मग तिच्या तोंडासमोर, जिथे काहीच नव्हतं तिथून, थंड श्वास आला.

"लँगा... आत कोणाला वाढतेयस?"

मागे, जेवणाचा आवाज थांबला.