पुष्कळ जागा आहे

हे अर्डिथने स्वतः सांगितलंय, आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही. भांडणाऱ्यांतली आहे.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. आयडाहोतलं एक छोटं गाव. दुपारचे चार, लख्ख ऊन.

अर्डिथ आणि तिची धाकटी बहीण मर्ना आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन दोनशे मैल तुडवत आल्या होत्या. जमिनीतून शंभर फूट उसळणारं कारंजं पाहायला. गावाने त्याच्यावर झडप बसवलीय, दर तासाला उघडतात.

त्या दिवशी बंद होती. वारा दुकानांच्या दिशेने होता, पाणी तिकडे उडू नये म्हणून कारंजं बंद, अशी पाटीच लावलेली.

"आधी फोन करायला काय झालं होतं तुला?" मर्ना म्हणाली. "लोएलने केला असता."

लोएल म्हणजे अर्डिथचा नवरा. वर्षापूर्वी गेला.

"त्याचं नाव काढू नकोस. जिवंत होता तेव्हा तुला तो डोळ्यांसमोर नको असायचा."

"त्यालाही मी नको असायचे. फिट्टंफाट."

अर्डिथचं डोकं फिरलं. "जा, मागे उभी राहा. गाडी काढायचीय."

मर्ना दार आपटून उतरली.

आरव्हीवाल्यांचा नियम एकच. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला, की थांबायचं.

अर्डिथने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. आरशात मर्ना हात हलवत होती.

आणि…

आरसा पांढरा झाला. मागे पाण्याचा घोंघाट उठला.

पण झडप तर बंद होती…

तेवढ्यात स्टिअरिंगपाशी ठेवलेला वॉकीटॉकी खरखरला.

"ये… ये… पुष्कळ जागा आहे."

वॉकीटॉकीवर 'ये' ऐकलं की मागे घ्यायचं, ही तीस वर्षांची सवय. गाडी मागे सरकत राहिली.

"अजून ये…"

आवाज पुरुषाचा होता.

तिने ब्रेक दाबला.

धावत मागे गेली. लोखंडी कुंपण आणि गाडी यांच्यामध्ये मर्ना. छातीपुढे वीतभर जागा.

"थांब थांब ओरडून घसा फुटला माझा. बहिरी झालीस का?"

मर्नाचे कपडे कोरडे होते. जमीनही कोरडी.

अर्डिथ परत गाडीत चढली. मर्नाचा वॉकीटॉकी आत स्वयंपाकाच्या ओट्यावर पडलेला. रागाच्या भरात न्यायचाच राहिला होता.

अर्डिथने तो उचलला. बटण दाबलं.

"मेल्या, मेलास तरी खोड जात नाही तुझी. माझ्या बहिणीच्या वाटेला गेलास तर याद राख."

खरखर… मग काहीच नाही.

आरव्ही तिने त्याच महिन्यात विकली. लोएलवर ती अजून चिडलेली आहे. पण तिची झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने.

आवाज कुणाचा, हे तिला पहिल्याच 'ये'ला कळलं होतं… आणि तरी पाय ब्रेकवर जायला वेळ लागला.