गाळ काढायच्या दुपारी

भुतंखेतं मी मानत नाही. बैलाने चारा सोडला की बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आणि आजही करतो. हे सांगतोय ते जसं झालं तसं. तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या लाटसाहेबाच्या अमलाखाली होतं. रिद्धपूरजवळ आमची संत्र्याची लहानशी बाग होती. मी आणि धाकटा भाऊ चंद्रभान मिळून ती करायचो. त्या वैशाखात विहीर इतकी खाली गेली की मोट बुडेना, आणि झाडांची पानं मिटायला लागली. गाळ काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे काम भर दुपारीच करतात, कारण ऊन तळापर्यंत पोचतं ते तेव्हाच. चंद्रभान दोराने खाली उतरला आणि गाळाची टोपली वर ओढायला मी बैल धरून काठावर बसलो.

विहिरीत माणूस असला की वरच्याने तोंड मिटायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. खालच्याला वरचं काही दिसत नाही. आवाज चालू आहे तोवर त्याला कळतं, बैल धरलेले आहेत आणि माणूस जागा आहे. म्हणून मी मोटेवरची गाणी म्हणत होतो. माझ्या गळ्याचं विचारू नका. बायको म्हणायची, "बैल मोट ओढत नाईत, तुमच्यापासून पयतात."

आदल्या रात्री मेव्हणीच्या लग्नात डोळ्याला डोळा लागला नव्हता. कडुलिंबाची सावली, गरम वारा आणि गाळाचा तो कुजका वास. गाणं म्हणता म्हणता माझी मान कधी कलली ते कळलं नाही.

मी जागा झालो. म्हणजे डोळे उघडले, बाकी अंग माझं नव्हतंच. बोट हलेना, पापणी मिटेना. छातीवर ओल्या मातीचं पोतं टाकावं तसा श्वास अडकलेला. असं पुष्कळांना होतं, मलाही त्याआधी झालं होतं. थोडा वेळ घाबरायचं, मग सुटतं. अंगाखालची जमीन तापलेली असायला हवी होती, पण मला गार लागत होतं.

आणि माझं गाणं चालूच होतं.

माझाच आवाज, तसाच बेसूर. माझं तोंड मिटलेलं होतं आणि गाणं कुठूनतरी उंचावरून येत होतं. मग ते थांबलं.

"दादा..." चंद्रभान ओरडला. "हे पूर्वेकडची कपार पोकळ लागून राहिली. आत जाऊ का?"

ती कपार सुटलेली, कधीही ढासळेल अशी होती. आमच्या बापाने तिला कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. नको म्हण, नको म्हण, असं मी स्वतःला सांगत होतो...

"जाय," माझा आवाज शांतपणे म्हणाला. "आत जाय... पानी तिथंच हाय."

मी इतका भ्यालो की सांगता येत नाही. माझा भाऊ मरणार होता आणि त्याला मारणारा आवाज माझा होता. मी सगळा जीव उजव्या पायाच्या अंगठ्यात आणला. समोर फक्त एक गोल उजेड होता, फार उंच, आणि त्याच्या अलीकडे चिखलाने भरलेले दोन पाय. स्वप्न अजून डोळ्यांत राहिलं असेल, असं मला वाटलं. पाय कपारीकडे वळले... थांबले... माझ्याकडे आले.

अंगठा हलला.

मी कडुलिंबाखाली ताडकन उठून बसलो. बैल तिथेच रवंथ करत होते, कासरा माझ्या मनगटाला होता. चंद्रभान दोर धरून काठावर चढत होता. तो वर आला आणि खाली कपार ढासळली. आवाज फार मोठा झाला नाही, बैलांनी कान तेवढे हलवले.

मी त्याला पोटाशी धरून रडलो. तो अंग आखडून उभा राहिला.

"मी झोपेत बरळलो रे," मी म्हणालो. "आत जाय म्हनलं तुले... तू आयकलं नाई, बरं केलं."

"आयकलं होतं. निघालोच होतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू खाली नसता बसला त गेलो असतो."

"खाली?"

"गाळात. छातीपावतर. डोये उघडे, अन बोलून नाई राहिला. मी खांद्याले हात लावला, त अंग थंड... अन वरतून बी तूच बोलून राहिला होता. मंग मी कोनालेच काई ईचारलं नाई. वर आलो."

त्या दिवशी आम्ही पुढे काम केलं नाही. बैल सोडले, दोर गुंडाळला. घराकडे निघताना तो मागेच राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा... तू वरचाच ना?"

"वरचा," मी म्हणालो. त्याला दुसरं काय सांगणार? पण त्याच्या तळहाताची ऊब माझ्या खांद्यावर अजून तशीच होती.