चिंचेनं धुतलेलं नाणं

खण बसवायला आलेल्या सुताराचा कोपर टेबलाला लागला, आणि उर्वीच्या भिंगाखालचं नाणं घरंगळत थेट कपाटाखाली गेलं.

"अहो—!" ती किंचाळली.

तो पालथा पडून कपाटाखाली शिरला आणि बाहेर आला तो केसांत जळमट, मुठीत नाणं आणि तोंडभर हसू घेऊन.

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या त्या बंगल्यात उर्वी एका ओमानी संग्राहकाच्या जुन्या नाण्यांची नोंद करत असे. सुताराचं नाव साई, गाव कुडाळजवळचं.

"एवढ्याशा काळ्या तांब्यासाठी केवढ्यानं ओरडलात, मॅडम!"

"रोमन काळातलं आहे ते. बघा... मनोऱ्यावर दिवा धरून उभी आहे ती हीरो. समुद्रातून पोहत येतोय तो लिआंडर. रोज रात्री यायचा तिला भेटायला."

"मग?"

"एका वादळात दिवा विझला. तो बुडाला. तिनंही वरून उडी टाकली."

"अरेरे... आणि ह्याचा चेहरा?"

"काळ्या थरात दिसत नाही नीट. बघायला फार आवडलं असतं," ती भिंगावरून डोळा न काढता म्हणाली.

एका आठवड्याचं काम साईनं तीन आठवडे पुरवलं. रंधा कमी चालायचा, गप्पा जास्त. मॅडमची उर्वी झाली, तुम्हीचं तू झालं. ती डब्यात एक पोळी जास्त आणू लागली, आणि नियम मोडून नाण्यांचं कपाट जेवायला जातानाही उघडंच ठेवू लागली.

शेवटच्या दुपारी ती जेवून आली, तर साई मूठ पुढे करून उभा.

"डोळे मीट... आता उघड."

तळहातावर नाणं लखलखत होतं.

"चिंच आणि मीठ. आई देवाची भांडी अशीच घासते. चेहरा बघायचा होता ना तुला?"

आतल्या धातूवरचे उठाव कधीच गंजून गेले होते. चित्र काय ते त्या काळ्या थरातच उरलं होतं. आता मनोरा नव्हता, हीरो नव्हती, पोहणारा नव्हता. नुसती तांबडी चकती.

"साई... काय केलंस रे हे?"

तिचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं.

अर्बाब, म्हणजे बंगल्याचे मालक, आले. त्यांनी नाणं उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग कपाट कुणी उघडं ठेवलं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. उर्वी बोलणार होती. खरंच बोलणार होती... पण ही नोकरी गेली तर नाण्यांच्या कामात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हा विचार आधी आला.

"मैंने खोला, अर्बाब. चाबी मैंने ली थी," साई म्हणाला.

"खलास," अर्बाब म्हणाले.

चार दिवसांनी कामगारवस्तीच्या हमरिया भागात, त्याच्या खोलीखाली, ती त्याला गाठायला आली. व्हिसा रद्द झाला होता, बॅग बांधून तयार होती.

"मी जाऊन खरं सांगते त्यांना."

"गप रव." त्याच्या तोंडून घरची बोली निघाली. "माका तू आवडतंस, उर्वी. पहिल्या दिवसापासून."

"मलाही... पण मी गप्प बसले, साई. मला बोलता आलं असतं."

"ठाऊक आहे. तुझ्याकडेच बघत होतो मी. तू बोलणार नाहीस, हे दिसलं... म्हणून मी बोललो."

तो रागावला असता तरी बरं झालं असतं, असं तिला वाटलं. टॅक्सी आली. तिनं बॅगेचा बंद घट्ट धरला, आणि त्यानं तो हळूच सोडवून घेतला.