मरणाला नेमलेला

हरिहरपंत ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवीत आणि दर रविवारी गाडीने कल्याणला जाऊन रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या स्कॉटिश इंजिनियराला मराठी शिकवीत. शिकवणी आटोपली की साहेब आपल्या मुलखातले जुने शब्द काढून बसे. पंतांनाही त्याची गोडी होती.

अठराशे शहाण्णवच्या मार्गशीर्षात एकदा साहेबाचा माळी महिपत पाणी शेंदताना गात होता. एरवी हा माणूस कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेला. आज उगीचच हसत होता. कारण विचारलं तर त्यालाच सांगता येईना. साहेब त्याच्याकडे बघत राहिला.

"फे," तो म्हणाला.

पंतांनी अर्थ विचारला. हल्ली लोक हा शब्द परीसारख्या नाजूक माणसाला लावतात, पण ती दोन शब्दांची सरमिसळ, असं साहेबाने सांगितलं. याचं मूळ फार जुनं आणि अर्थ एकच, मरणाला नेमलेला. असा माणूस जाण्याआधी विनाकारण आनंदी होतो. पंत म्हणाले, विझताना दिवा मोठा होतो असं आमच्यातही म्हणतात. साहेबाने नकारार्थी मान हलवली. दिवा तेल संपलं म्हणून विझतो. इथे तेल काठोकाठ असतं, म्हणाला.

पुढच्या रविवारी विहिरीवर दुसराच माणूस होता. धडधाकट महिपत झोपला तो उठलाच नव्हता. योगायोग, असं पंतांनी मनाला बजावलं.

त्याच आठवड्यात ते शाळेतून परतले तर घरातून हसणं ऐकू आलं. त्यांची बायको गोदा तांदूळ निवडता निवडता एकटीच हसत होती. लेक मंदा तापाने गेली तेव्हापासून गोदा हसली नव्हती. या हसण्यासाठी पंतांनी नवस केले होते.

"काय झालं गं?"

"कुठं काय? बरं वाटतंय."

पंतांना विहिरीवर गाणारा महिपत आठवला.

हसणं वाढतच गेलं. ती चुलीपाशी हसे, झोपेत हसे. अखेर पंतांनी ट्रंकेतलं मंदाचं झबलं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते कुरवाळलं आणि प्रसन्न हसली. तेव्हा मात्र पंत जे खरं नव्हतं ते बोलले.

"वैद्यांनी दिलेली मात्रा तू वेळेवर दिली नाहीस. मंदा तुझ्यामुळे गेली."

गोदाचं हसू ओसरलं. मग ती रडायला लागली ती थांबेना. पंत पायरीवर बसून ऐकत राहिले. ही आता वाचली, एवढंच त्यांना कळत होतं. ती आपल्याला कधी क्षमा करणार नाही, हेही.

तिन्हीसांजेला ते तळ्याकडे निघाले. मुंबईत प्लेगने, गाठीच्या तापाने, माणसं मरत होती. त्या बातम्यांनी ठाणं कित्येक दिवस धास्तावलेलं होतं.

आज गल्ली हसत होती.

बांधावरून डोकी फोडणारे आनंदा आणि सहदेव एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. म्हातारी आवडाबाई ओटीवर टाळ्या वाजवत होती. तांबटाने हातोडी खाली ठेवली होती.

सण नव्हता. लग्न नव्हतं.

पंतांनी चौघांना विचारलं. कुणालाच कारण सांगता आलं नाही.

ते जवळजवळ धावतच घरी आले.

गोदा दारात उभी होती. डोळे सुजलेले. पंतांच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"मी मंदाला मारलं म्हणता," ती हळूच म्हणाली, "आणि हसताय?"